हाताच्या गिअरची गाडी

दादाचा डावा पाय गुडघ्याखालून गेला त्याला आता चौदा वर्षं झाली. त्याआधी तो आठवड्यातले सहा दिवस मोटरसायकलवर असायचा. देवळीत आमचं कपड्याचं छोटं दुकान होतं, वडिलांनी टाकलेलं. पण नुसत्या दुकानावर घर चालत नव्हतं, म्हणून दादा आठवडी बाजार करायचा. गाडीच्या मागच्या बाजूला लोखंडी कॅरिअर, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक गाठोडं, आणि त्यात लहान मुलांचे फ्रॉक, हाफपँटा, परकर, पंचे. आज भिडी, उद्या पुलगाव, परवा आणखी कुठलं गाव. कोणत्या गावात कोणाला नातू झाला आणि कोणाची मुलगी बाळंतपणाला आली, हे त्याला तोंडपाठ असायचं. गिऱ्हाईक काही मागायच्या आधी तो गाठोड्यातून नेमकं झबलं काढून पुढे टाकायचा.

तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी दहावीत होतो. त्यानं स्वतःचं शिक्षण बारावीतच सोडलं होतं, पण मला त्यानं कधी दुकानात बसवलं नाही. मी बी.ए. झालो, लिपिकाची परीक्षा दिली आणि निवड यादीत माझं नाव आलं. पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी तेवढी व्हायची राहिली होती. तो कागद आला की नेमणुकीचा आदेश निघणार होता.

त्याच दिवसांत, दिवाळी तोंडावर आली असताना, मी दादाबरोबर पुलगावच्या बाजाराला गेलो होतो. सणाच्या गर्दीत त्याला हाताखाली कोणीतरी लागायचं. दिवसभर तो ओरडून ओरडून थकला होता. निघताना गाडी मी घेतली. त्यानं एकदा म्हटलं, "अंधार पडून राह्यला. दे मले गाडी." मी म्हटलं, तू बस मागे, आराम कर. गाडी शिकून मला दोन महिनेही झाले नव्हते. लायसन तर सोडाच, शिकाऊ परवानाही मी काढला नव्हता. पण त्या वयात मागच्या सीटवर बसणं कमीपणाचं वाटतं. दादानं हट्ट धरला नाही. तो मागे बसला आणि गाठोड्याला टेकला.

पुलगाव मागे पडून सात-आठ किलोमीटर झाले असतील. रस्त्याच्या कडेला कापसाची ट्रॉली उभी होती. टायर फुटला म्हणून ट्रॅक्टर सोडून नेला होता, आणि ट्रॉलीच्या मागे ना दिवा, ना दगड, ना झाडाची फांदी. समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर होता. ट्रॉली दिसली तेव्हा ती अगदी पुढ्यात होती. मी हँडल उजवीकडे ओढलं. गाडीचं पुढचं अर्धं अंग ट्रॉलीला चाटून निघालं. मागच्या फाळक्याचा लोखंडी कोपरा दादाच्या गुडघ्याखाली बसला.

मला मनगटाला आणि हनुवटीला खरचटलं, बाकी काही नाही. दादा रस्त्यावर पडला होता आणि त्याचा पाय ज्या दिशेला होता त्या दिशेला पाय असू शकत नाही. मी त्याच्याजवळ गेलो. त्यानं आधी विचारलं, "तुले लागलं का?" मी मान हलवली. मग त्यानं माझी कॉलर धरली आणि मला खाली ओढलं.

"गाडी मी चालवून राह्यलो होतो. तू मांगं होता. कोनीबी इचारलं तं हेच सांगजो."

मला आधी काही कळलंच नाही. तो पुन्हा म्हणाला, "तुह्यी नोकरी हाये. ध्यानात ठेव." मग तो बेशुद्ध झाला.

वर्ध्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्याचा पाय कापला. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा तो शुद्धीवर होता आणि त्यानं ठरल्याप्रमाणे सांगितलं. मला विचारलं, मीही तेच सांगितलं. माझं वाक्य चार शब्दांचं होतं. ट्रॉलीवाल्यावर केस झाली आणि पुढे ती मिटलीही. तीन महिन्यांनी माझा आदेश आला. मी वर्ध्यात रुजू झालो, तिथंच खोली घेतली, पुढे लग्न झालं, मुलं झाली.

दादा दुकानात बसू लागला. कृत्रिम पाय मिळाला, त्यावर तो चालायला शिकला. पण घोटा वळत नसल्यानं मोटरसायकल संपली. बाजारही संपला. गाठोड्यातला माल बरेच दिवस घरात पडून होता, मग वहिनीनं तो हळूहळू दुकानातून विकला.

वहिनीला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. दवाखान्यात असतानाच वहिनी एकदा म्हणाली होती, की अंधार पडायच्या आत घरी येत जा हे किती वेळा सांगितलं, पण ह्यांची घाई. पुढे हे वाक्य घरात राहिलं. ती भांडखोर नव्हती, उलट फार सोशिक. पण कधी उन्हाळ्यात त्या पायाच्या पट्ट्यानं कातडी सोलली की, कधी दुकानात गिऱ्हाईक नसलं की, ती बोलून जायची: तुमचीच घाई नडली. आई तर शेवटपर्यंत म्हणायची, लहान्याला मागे बसवून इतकी जोरात गाडी कशाला चालवायची, तो वाचला हे नशीब. दादा ऐकून घ्यायचा. मी कित्येकदा तिथंच असायचो, पुढ्यात ताट असायचं. मी जेवत राहायचो. याहून वाईट असं मी आयुष्यात काही केलं असेल तर मला ते आठवत नाही. आई तेच खरं समजून वारली.

गाडी वर्षभर पोलिसांच्या आवारात होती. सुटल्यावर ती आणून घरामागे टाकली, जिथं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचलेल्या असायच्या. दहा वर्षं ती तिथंच होती. तीन वर्षांपूर्वी वहिनीनं भंगारवाल्याला बोलावलं. घरामागची जागा साफ करून तिथं न्हाणी बांधायची होती. मी त्या दिवशी देवळीतच होतो. भंगारवाल्यानं वजनाचा अंदाज सांगितला, वहिनी कबूल झाली, आणि दादा काठी टेकत मागच्या दारात येऊन म्हणाला, "नाई विकाची."

वहिनी म्हणाली, काऊन? लोखंड सडून राह्यलं. तो म्हणाला, सडू दे. तो घरातल्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नसे, म्हणून वहिनीनं हट्ट सोडला. भंगारवाला गेला. मी निघालो तेव्हा दादा रस्त्यापर्यंत आला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, डाव्या पायाचं काम हातानं होईल का, हे मिस्त्रीला विचारशील का.

मी त्याला आधी दोनदा सांगून पाहिलं होतं की बिनगिअरची स्कूटर घेऊ, तिला बाजूची चाकं लावून मिळतात, मी घेऊन देतो. दोन्ही वेळा त्यानं विषय बदलला होता. माझ्याकडून काही घ्यायचं त्याच्या जिवावर यायचं, की ते घेतलं तर हिशेब फिटल्यासारखा होईल असं त्याला वाटायचं, हे मला सांगता येणार नाही. या वेळी त्यानं स्वतः विचारलं होतं. पण अटही घातली: नवीन काही आणायचं नाही. जुन्यातून होईल तेवढंच करायचं.

मिस्त्रीचं दुकान देवळीच्या बसस्टँडजवळ. साठीचा माणूस, कमी बोलणारा. दादा बाजार करायचा तेव्हापासून ही गाडी त्याच्याच हातातली. मी आणि त्यानं मिळून ती हातगाडीवर घालून आणली. त्यानं फेरी मारून पाहिलं आणि म्हणाला की इंजिन उघडल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. मला यांत्रिक काही येत नव्हतं. मी दर रविवारी वर्ध्याहून येईन आणि तुम्ही सांगाल ते काम करीन, असं मी म्हटलं. त्यानं मला एक डबा रॉकेल आणि एक जुना ब्रश दिला.

तो उन्हाळा माझा तसा गेला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलं होतं, त्यात चिंध्या आणि सरकी निघाली. पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. मिस्त्रीनं तिच्यात बारीक गिट्टी आणि डिझेल घालायला लावलं, आणि मी ती टाकी मांडीवर घेऊन दुपारभर हलवत बसायचो. डिझेल ओतलं की तांबडं पाणी निघायचं, पुन्हा नवीन घालायचं. तिसऱ्या रविवारी ते पांढुरकं निघालं. पिस्टन जाम झाला होता, त्यावर तेल सोडून आठवडाभर ठेवला आणि मग लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू सोडवला. वाकलेले पुढचे पाइप त्यानं वर्ध्याला लेथवाल्याकडून सरळ करून आणले. चाकाची रिम एका मोडलेल्या गाडीची, साइलेन्सर दुसरीचा, हेडलाइट तिसरीचा. सीटला दादानं दुकानातलंच रेक्झिन दिलं आणि शिवलंही स्वतःच्या मशीनवर. ते थोडं तिरकं बसलं. मिस्त्री म्हणाला, बसणाऱ्याला दिसत नाही.

एका रविवारी आम्ही सांगाडा धुऊन उलटा ठेवला होता. मिस्त्री डाव्या बाजूला उकिडवा बसून पाहत होता. चालवणाऱ्यानं पाय ठेवायचं पुढचं फुटरेस्ट जवळजवळ सरळ होतं, रंग तेवढा गेलेला. मागचं, मागे बसणाऱ्याचं, मात्र मुळापासून वाकून सांगाड्यात घुसलं होतं आणि तिथली पट्टी फाटली होती. त्यानं दोन्हींवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, "त्या दिवशी मांगं कोन होतं?"

मी म्हटलं, मी होतो.

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मी चप्पल घालून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलो होतो. माझ्या पायांवर कसलीही खूण नव्हती. त्यानं नजर वर केली नाही. उठून गॅसची नळी पेटवली, ते वाकलेलं लोखंड कापून भंगाराच्या ढिगात टाकलं आणि फाटलेल्या पट्टीवर नवा तुकडा जोडला. त्यानंतर सगळ्या कामभर त्यानं तो विषय काढला नाही. पण मला त्या दिवसापासून त्याच्या दुकानात बसणं जड जाऊ लागलं. अकरा वर्षं जी गोष्ट फक्त दादाला आणि मला माहीत होती, ती त्याला लोखंडाकडे बघून कळली होती.

गिअरचं काम सगळ्यात अवघड निघालं. मिस्त्रीनं गिअरच्या पायदांड्याला एक सळई जोडली आणि ती वर आणून टाकीच्या डाव्या बाजूला हाताशी येईल असा उभा दांडा केला. पुढे ढकलला की एक गिअर, मागे ओढला की दुसरा. छान बसला. मग तो सीटवर बसला, दांड्यावर हात ठेवला आणि तसाच थांबला. क्लच डाव्याच हातात होता. एक हात क्लचवर आणि तोच हात गिअरवर, हे कसं व्हायचं? उजवा हात तर अॅक्सिलरेटर सोडू शकत नाही. मला तर काम इथंच संपलं असं वाटलं.

दादाला ते सांगितलं तेव्हा तो दुकान बंद करून आला. त्यानं दोनदा दांडा पुढे-मागे करून पाहिला. मग म्हणाला, "क्लचची मूठ हँडलवरून काढा अन् या दांड्यालेच लावा. दाबली का ढकलता येते."

मिस्त्रीनं लगेच पाना घेतला. तार लांब करावी लागली, मूठ दांड्याच्या डोक्याला पट्टी मारून बसवली. डाव्या हातानं दांडा धरायचा, बोटांनी मूठ दाबायची आणि त्याच हातानं गिअर टाकायचा. दादा दोन आठवडे गाडी स्टँडवर लावून तेवढंच करत होता. दाब, ढकल, सोड. दुकानात गिऱ्हाईक नसताना तो उठून मिस्त्रीकडे जायचा, असं वहिनीनं मला तक्रारीच्या सुरात सांगितलं.

पावसाळा संपता संपता गाडी चालू झाली. रविवारी दुपारी आम्ही ती जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर नेली. कापसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे तिथं कोणी नव्हतं. मिस्त्रीनं बाजूची दोन चाकं लावायचं सुचवलं होतं, पण दादा नको म्हणाला होता. कृत्रिम पाय जमिनीला टेकतो, तेवढं पुरे. तो बसला, गाडी सुरू केली, पहिला टाकला, दुसरा टाकला आणि मैदानाला एक लांब वळसा घातला. अकरा वर्षांनी मी त्याला गाडीवर पाहत होतो. त्याची पाठ आधीपेक्षा वाकली होती, पण खांदे तसेच, जरा डावीकडे झुकलेले. दुसऱ्या वळशाला तो माझ्याकडे न बघता समोरून गेला. तेवढ्यात गाडीचा आवाज ऐकून वहिनीही मैदानाच्या फाटकात येऊन उभी राहिली होती.

थांबताना घोळ झाला. डावा हात दांड्यावर, हँडल एकट्या उजव्या हातात, आणि डावा पाय टेकला तिथं सुटी गिट्टी होती. त्या पायाला खालचं काही कळत नाही. पाय सरकला, गाडी डावीकडे गेली आणि दादा तिच्याखाली आला. मी आणि मिस्त्री धावलो. गाडी उचलली. त्याला फारसं लागलं नव्हतं, पण पायाचा पट्टा तुटला होता आणि कृत्रिम पाय बुटासकट निघून दोन हात लांब पडला होता.

वहिनी आली. तिला धाप लागली होती. ती ओरडली नाही, हळू आवाजातच बोलली. "एक पाय गेला तुमच्या घाईनं. आता दुसरा घालवाचा हाये का? मले अजून किती पाहाले लावता?"

दादा जमिनीवर बसून पँटची धूळ झटकत होता. नेहमीसारखाच गप्प. आणि मी तिथंच उभा होतो, नेहमीसारखाच.

मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी गाडी मी चालवून राह्यलो होतो. दादा मांगं होता."

दादा म्हणाला, "तू चूप राह्य."

मिस्त्री गाडी ढकलत दूर घेऊन गेला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती दादाकडे पाहत होती. "खरं हाये?" तिनं विचारलं. तो पँट झटकतच राहिला. तिनं जाऊन तो पाय उचलला, पदरानं त्यावरची माती पुसली आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"अकरा वर्सं मले बोलू देलं तुम्ही," ती म्हणाली. "मले तरी सांगाचं होतं."

मग ती एकटीच घराकडे चालत गेली. दादाला मी आणि मिस्त्रीनं धरून आणलं. त्या संध्याकाळी वर्ध्याला परतल्यावर मी माझ्या बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की आईंनाही माहीत नव्हतं का. मी नाही म्हटलं. ती उठून मुलांचे कपडे घड्या करू लागली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत असताना दादाचा फोन आला. तो माझ्यावर चिडलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "तुले कोनं इचारलं होतं?" तो म्हणाला. "तुह्यी वहिनी मले बोलत होती, ते मले चालत होतं. आता ते सोताले बोलून राह्यली." मी काही म्हणायच्या आत त्यानं फोन ठेवला.

मी चार रविवार देवळीला गेलो नाही. एवढंच कळत होतं, की गाडी मिस्त्रीच्या दुकानात ताडपत्री टाकून उभी आहे. मी खरं बोललो याचं मला समाधान वाटायला हवं होतं. लोक म्हणतात, खरं बोललं की हलकं वाटतं. मला तसं वाटलं नाही. मी माझं ओझं उतरवलं होतं आणि ते वहिनीच्या डोक्यावर ठेवलं होतं. तिनं नवऱ्याला नाही नाही ते ऐकवलेले सगळे दिवस आता तिला एकेक करून आठवत असणार.

पाचव्या आठवड्यात तिचाच फोन आला. "भाऊजी, रविवारी या. मले ती जागा दाखवा."

मी स्कूटर घेऊन गेलो. ती दारातच तयार उभी होती. दादा दुकानात होता, तो बाहेर आला नाही. आम्ही पुलगावच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता आता रुंद झाला आहे, कडेची बाभळीची झाडं गेली आहेत. मी एका ठिकाणी थांबलो, मग वाटलं इथं नाही, थोडं पुढे गेलो. शेवटी मला कबूल करावं लागलं की नेमकी जागा सांगता येणार नाही. इथंच कुठंतरी, मी म्हटलं. ती स्कूटरवरून उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बाया वेचत होत्या. मी तिला सगळं सांगितलं: दादानं गाडी मागितली होती ते, मी दिली नाही ते, ट्रकचा उजेड, ट्रॉली. काही लपवलं नाही.

तिनं एकच प्रश्न विचारला. "पडल्यावर ते काय बोलले?"

मी सांगितलं. आधी त्यानं विचारलं, तुला लागलं का. मग म्हणाला, गाडी मी चालवत होतो. आणि मग, तुझी नोकरी आहे.

एक एसटी गेली, तिच्या वाऱ्यानं वहिनीचा पदर उडाला, तो तिनं डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "सासूबाईले सांगाले पाह्यजे होतं. त्या जाईपर्यंत त्याइलेच बोलत होत्या." आम्ही परत निघालो. देवळीच्या जवळ आल्यावर ती मागून म्हणाली, "मी तुम्हाले माफ केलं असं म्हनत नाई, भाऊजी. पन तुम्ही येत जा. अन् मिस्त्रीले म्हना, गाडीले चाकं लावा. ते नाई म्हनतील, तं मी पाहीन."

दादा नाही म्हणाला नाही. मिस्त्रीनं दोन जुन्या स्कूटरची चाकं शोधली, मागच्या आसाला आडवा पाइप जोडला आणि दोन्ही बाजूंना बसवली. गाठोड्यांची जागा त्यामुळे गेली, म्हणून चाकांच्या वरच पत्र्याच्या दोन पेट्या केल्या. कागदपत्रांचं काम मी केलं. गाडी जुनी, तिची नोंदणी नव्यानं करायची, बदल मंजूर करून घ्यायचा, दादाचा नवा परवाना काढायचा. इतकी वर्षं कचेरीत बसून एवढं तरी मला येत होतं. वर्ध्याला तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यानं दांडा हलवून पाहिला, दादाला मैदानात चालवायला लावलं आणि हे कोणी सुचवलं म्हणून विचारलं. दादानं मिस्त्रीचं नाव सांगितलं. मिस्त्री म्हणाला, मूठ यांनीच लावायला सांगितली.

पहिला बाजार भिडीचा केला. मी त्या दिवशी रजा घेतली होती. स्कूटरवरून मी त्याच्या बऱ्याच मागे राहिलो, म्हणजे त्याला सोबत केल्यासारखं वाटू नये. बाजारात त्याची जुनी जागा दुसऱ्यानं घेतली होती, भांडीवाल्यानं. तो शेवटच्या टोकाला बसला, ताडपत्री अंथरली आणि कपडे मांडले. निम्मे लोक नवे होते, त्यांना तो कोण हे माहीत नव्हतं. अकराच्या सुमारास एक म्हातारी आली. तिनं फ्रॉक उलटसुलट करून पाहिला, मग त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"कुठं गेलता बापा इतके वर्सं?" तिनं विचारलं.

"घरीच होतो," दादा म्हणाला. "नात केवढी झाली?"

म्हातारी म्हणाली, नात कॉलेजात आहे, आता हा पणतीला घ्यायचा. दादानं पेटीतून दुसरा फ्रॉक काढला, एका मापानं मोठा. तिनं तोच घेतला.

आता तो आठवड्यातून दोनच बाजार करतो, जवळचे. पावसाळ्यात एकही नाही. दुकान वहिनी सांभाळते. तिनं दादाला तेव्हापासून त्या दिवसाबद्दल कधी बोल लावला नाही, पण घरात पूर्वी नसलेली एक सावधगिरी आली आहे. काही बोलायच्या आधी ती थांबते. दादाला ते आवडत नाही. तो मला एकदा म्हणाला, आधी बरं होतं, मोकळी बोलायची तरी. मी गेलो की ती चहा देते, मुलांची विचारपूस करते, सणाला बोलावते. माफीचा शब्द तिनं परत काढलेला नाही आणि मीही विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात शनिवारी तिचा फोन आला. गाडीची क्लचची तार तुटली होती, आणि देवळीत तेवढ्या लांबीची मिळत नव्हती. उद्या येताना वर्ध्याहून आणा म्हणाली, अन् दोन आणा, एक घरात ठेवायला. मी दुकान बंद व्हायच्या आत जाऊन दोन तारा घेतल्या.